चष्म्याचा नंबर नाही, तरी मूल ओळ गाळून का वाचतं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकला विशेष शिक्षिका आहे. माझ्याकडे येणारे बरेच पालक पहिल्याच भेटीत सांगतात, "डोळे दाखवून आलो, नंबर नाही निघाला. म्हणजे डोळ्यांत काही नाही. मग हा वाचत का नाही?" तोवर घरात आणि शाळेत आळशी, धांदरट, लक्ष नसलेला असे सगळे शिक्के मारून झालेले असतात. नंबर नाही म्हणून सगळं ठीक, हा निष्कर्ष फार घाईचा आहे. त्यापायी मुलांची दोन-तीन वर्षं वाया जातात, म्हणून हा धागा.

चौथीतला एक मुलगा बालभारतीचं पुस्तक उघडून माझ्यासमोर बसतो. 'घर'चं 'धर' वाचतो, 'भात'चा 'मात' करतो, मग स्वतःच अडखळून सुधारतो. ओळ संपली की नजर खाली उतरायच्या ऐवजी त्याच ओळीच्या सुरुवातीला परत जाते. तीन-चार शब्द पुन्हा वाचून झाल्यावर त्याला कळतं की हे झालंय. मग बोट ठेवतो. पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत मान एका बाजूला कललेली असते आणि एक डोळा तळहाताने झाकलेला असतो. त्याच धड्यातलं वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत, एकटंच लिहिलं की हाच मुलगा घडाघडा वाचतो. आणि धडा मी वाचून दाखवला तर प्रश्नांची उत्तरं वर्गातल्या हुशार मुलांइतकी चोख देतो.

वाचताना आपली नजर ओळीवरून संथ सरकत नाही, ती उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, तेवढ्यात मेंदू काही अक्षरं टिपतो, की पुढची उडी. ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीकडे जाणारी उडी सगळ्यात लांब, आणि नेमकी तीच या मुलांची चुकते. शिवाय हे सगळं होत असताना दोन्ही डोळे एकाच अक्षरावर रोखलेले राहायला हवेत, जवळचं स्पष्ट दिसायला हवं, आजूबाजूच्या गर्दीतून हवं ते अक्षर वेगळं काढता यायला हवं, आणि शेवटी त्या आकाराचा आवाज आठवायला हवा. यातलं कुठलंही एक लंगडं असलं तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच, 'वाचत नाही'.

आपल्या लिपीचा यात मोठा वाटा आहे आणि त्यावर मराठीत फारसं बोललं जात नाही. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांत फरक असतो तो एका छोट्याशा गाठीचा. वर शिरोरेषेने सगळी अक्षरं एकमेकांना बांधलेली. मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे, आणि पहिली वेलांटी डावीकडे. 'मिरची' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि जिभेला आधी म म्हणायचा असतो. 'पर्वत'मधला र उच्चारात व-च्या आधी, पण कागदावर व-च्या डोक्यावर बसलेला. सरावलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. ज्या मुलाला आकारांची जागा आणि क्रम पकडणंच जड जातं, त्याला एका ओळीत अशा वीस अडचणी पार कराव्या लागतात.

घरी करून पाहण्यासारखं एक सांगते. हे निदान नव्हे, कुठे जायचं त्याची दिशा आहे. ओळखीचे शब्द मोठ्या अक्षरांत एका कागदावर एकच असे लिहा आणि वाचायला द्या. मग तेच शब्द भरगच्च पानात. सुटे शब्द येतात आणि पानात गोंधळ होतो, तर बघण्याच्या बाजूने चौकशी करा. सुटा, मोठा शब्दही फुटत नसेल, विशेषतः 'टमुक', 'रिडाफ' असे बिनअर्थाचे शब्द जुळवून वाचता येत नसतील, तर अक्षर आणि आवाज यांची सांगड बसलेली नाही. त्याला डिस्लेक्सियाच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन अवघड जाण्याच्या, दिशेने बघावं लागतं. दोन्ही एकाच मुलात असू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

प्रकाशरेषा

गोदाकाठताई, उत्तम विषय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारा. एक डोळा तळहाताने झाकणारा तुमचा मुलगा वाचून लगेच लिहायला बसलो, कारण ही खूण पालक लाड किंवा कंटाळा म्हणून सोडून देतात. दोन प्रतिमा दिसत असतील तर एक डोळा झाकणं हा मुलाने स्वतः शोधलेला उपाय असतो.

शाळेत किंवा शिबिरात होते ती तपासणी ६ मीटरवरच्या तक्त्याची. लांबचं बारीक अक्षर ओळखता येतं का, एवढंच ती सांगते. पुस्तक असतं हातभर अंतरावर. मुलाला प्लस नंबर असेल तर डोळ्यातलं भिंग ताणून ते लांबचा तक्ता बिनचूक वाचू शकतं. लहान वयात ही ताकद भरपूर असते, म्हणून नंबर लपतो. जवळचं वाचताना तोच ताण आणखी वाढतो, आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं, अक्षरं पुसट होतात. म्हणून मुलांची तपासणी थेंब घालून, बाहुली मोठी करून करायची असते. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. थेंबांनी काही तास जवळचं धूसर दिसतं, काही थेंबांचा परिणाम दोन-तीन दिवसही टिकतो, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

दुसरी गोष्ट, दोन्ही डोळे जवळच्या वस्तूकडे एकत्र वळण्याची. ती कमी असली की त्याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. पेनचं टोक हळूहळू नाकाकडे आणलं तर बहुतेक मुलांना ते साधारण ६ सेंमीपर्यंत एकच दिसतं. त्याच्या खूप आधी 'दोन झाले' असं मूल म्हणालं, किंवा एक डोळा बाहेर सरकताना तुम्हाला दिसला, तर दाखवून घ्या. यावर उपचार आहेत आणि त्यांना भक्कम आधार आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ ते १७ वयाची २२१ मुलं होती. दवाखान्यात तज्ज्ञासमोर १२ आठवडे व्यायाम केलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना फायदा झाला. घरी नुसतं पेन नाकाकडे आणण्याच्या व्यायामाने ४३ टक्क्यांना, आणि खोटे व्यायाम दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना.

माणदेशी

झेडपीचा शिक्षक आहे, चौथीचा वर्ग. धागा वाचताना डोळ्यांसमोर माझ्याच वर्गातली चार-पाच तोंडं आली.

माझ्याकडे वाचनापेक्षा आधी दिसतं ते फळ्यावरून उतरवून घेताना. काही पोरं एक शब्द बघतात, मान खाली, अक्षर काढतात, मान वर, आणि मग फळ्यावर ती जागाच सापडत नाही. बाकीच्यांचं पान भरतं, यांच्या दोन ओळी. गणितात उभ्या मांडणीची बेरीज येते पण एकक दशकाखाली जातो, हातचा भलतीकडे. तोंडी विचारलं तर बरोबर. आरोग्य तपासणीचं पथक येतं, तक्ता वाचून घेतं, 'नॉर्मल' लिहून जातं. पथकाचा दोष नाही, दिवसाला त्यांना कितीतरी पोरं बघायची असतात.

मी एवढंच केलं की अशा पोरांना गणिताला मोठ्या चौकटीची वही दिली, एका चौकटीत एक आकडा. आणि फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी शेजाऱ्याची वही बाजूला ठेवून उतरवायला सांगतो. फरक पडतो. पण ३ आणि ६ उलटे काढतात त्याचं काय करावं? ते डिस्लेक्सियाचं लक्षण धरायचं का?

गोदाकाठ

माणदेशी सर, चौकटीची वही अगदी योग्य. शेजाऱ्याच्या वहीवरून उतरवणं तर फारच चांगलं, त्यात दूर-जवळ असा नजरेचा झोका वाचतो.

३ आणि ६ ही आपल्या आकड्यांतली खरी आरशातली जोडी, छत्तीसचा आकडा म्हणतो तो त्यावरूनच. पाच-सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं ती उलटी काढतात. मांजर डावीकडे तोंड करून बसलं काय आणि उजवीकडे काय, मांजरच असतं. मेंदू वस्तू अशाच ओळखतो, आणि आकड्यांपुरती ही सवय त्याला मोडावी लागते. वयाच्या आठ-नऊनंतरही वारंवार होत असेल आणि वाचनही मागे असेल, तर पुढे तपासा. एकट्या उलट्या आकड्यावरून काही ठरवू नका.

आणि मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितं, त्याला डोळ्यांच्या खात्यात धरू नका. मराठीत आधी पाच ऐकू येतात, मग वीस. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात कोणाची बाजू घ्या, पण अडचण खरी होती आणि ती भाषेच्या क्रमाची होती.

रानजाई

मी न्यू जर्सीत असते. इथे मुलीला (वय ९) एका केंद्रात रंगीत काचांचा चष्मा सुचवलाय. पांढऱ्या कागदावर अक्षरं हलतात असं ती म्हणते. निळं पारदर्शक प्लास्टिक ठेवलं की बरं वाटतं म्हणते. केंद्रवाले म्हणतात हाच डिस्लेक्सियावर उपाय, वाचनाचे वर्ग नंतर बघू. चष्मा खूप महाग आहे. कोणाला अनुभव?

प्रकाशरेषा

रानजाई, 'वाचनाचे वर्ग नंतर' हे अजिबात मान्य करू नका.

रंगीत भिंगांची ही कल्पना १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेलन अर्लेन यांनी पुढे आणली. तेव्हापासून यावर अनेक चाचण्या झाल्या. बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या अमेरिकेतल्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की रंगीत भिंगं किंवा डोळ्यांचे व्यायाम हा डिस्लेक्सियावरचा उपचार असल्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. मी स्वतः डोळ्यांचे व्यायाम करून घेतो, तरी हे सांगतो. वर ज्या ७३ टक्क्यांबद्दल लिहिलं, त्याच संशोधकांच्या गटाने २०१९ मध्ये पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३११ मुलं, १६ आठवडे. व्यायामाने डोळ्यांची जुळवणी सुधारली, पण वाचलेलं समजण्यात खोट्या व्यायामाच्या गटापेक्षा जास्त प्रगती दिसली नाही. म्हणजे डोकेदुखी आणि दोन-दोन दिसणं जावं म्हणून व्यायाम जरूर करावेत. वाचन मात्र शिकवूनच येतं.

अक्षरं हलतात असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नाही. आधी थेंब घालून नंबर आणि डोळ्यांची जुळवणी तपासून घ्या. कित्येकदा हलणाऱ्या अक्षरांचं कारण तिथेच सापडतं.

गोदाकाठ

प्रकाशरेषांना पूर्ण अनुमोदन. निळ्या प्लास्टिकने तिला बरं वाटतं तर ठेवू दे, ते स्वस्त आहे आणि त्याने अपाय नाही. मी स्वतः मुलांना पिवळसर कागदावर छापून देते, चकाकी कमी होते. पण त्या जोडीला आवाज-अक्षराची पायरीपायरीने घडी बसवणारं शिकवणं आजच सुरू करा. नऊ वर्षं म्हणजे एक दिवसही थांबायचं वय नाही.

सगळं खापर डोळ्यांवर फुटतं त्यामागे इतिहास आहे. 'डिस्लेक्सिया' हे नाव १८८७ मध्ये जर्मनीतल्या रुडॉल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञाने वापरलं. 'शब्दांधत्वा'वर लिहिणारे ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवूड हेही नेत्रशल्यविशारद. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका चुणचुणीत मुलाची हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. गणितात बरा, पण वाचता येईना. त्याला त्यांनी 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटलं. आई-वडील मुलाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जात, त्यामुळे सुरुवातीची नावंही दृष्टीवरून पडली. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक मुलांत शब्दातले आवाज सुटे करण्याच्या अडचणीत असतं, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

ठाणेकर_आई

वाचनमात्र होते, आज लिहितेय. माझा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला, काचेच्या पेटीत होता. आता साडेनऊ वर्षांचा आहे. डोळे सहा-सहा, म्हणजे उत्तम. पण चपलांच्या ढिगातून स्वतःची चप्पल सापडत नाही. लग्नात मी पाच फुटांवर उभी असताना मला शोधत रडतो. जिना उतरताना पायाने पायरी चाचपतो. पुस्तकात पहिल्या दोन ओळी ठीक, मग सगळं एकमेकांत मिसळतं म्हणतो. एका शाळेने 'नाटकं करतो' असं लिहून दिलं होतं. शेवटी एका बालनेत्रतज्ज्ञांनी जुना एमआरआय मागून घेतला आणि सांगितलं की डोळे नीट आहेत, मेंदूत ते चित्र उलगडण्याचा जो मार्ग आहे तिथे इजा आहे. सीव्हीआय (सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट) असं नाव सांगितलं. त्या दिवशी मी घरी येऊन मुलाला पोटाशी धरलं आणि खूप रडले.

प्रकाशरेषा

ठाणेकर आई, लिहिलंत हे फार बरं केलंत. सीव्हीआय म्हणजे मेंदूतून आलेली दृष्टीची अडचण. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, नवजात बाळाची साखर खूप उतरणं, ही त्याची नेहमीची कारणं. ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीत दोन वाटा आहेत. मेंदूच्या मागच्या भागातून वरच्या बाजूने जाणारी वाट 'कुठे आहे' हे सांभाळते, खालची वाट 'काय आहे' हे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत वरच्या वाटेला इजा होणं जास्त दिसतं. म्हणून एकटी चप्पल ओळखता येते, ढिगातली सापडत नाही. शब्द येतो, पान येत नाही. जिना, गर्दी, भरलेलं पान, तिन्हीचं मूळ एकच.

अशा मुलांना पसारा कमी करून देणं हाच मुख्य आधार. पानावर मजकूर कमी, अक्षरांत आणि ओळींत अंतर जास्त, चित्रांची नक्षी नको. घरात चपलेची जागा ठरलेली, कपाटात एका कप्प्यात एकच प्रकार. गर्दीत तुम्ही हात हलवून हाक मारा, हललेलं त्याला पटकन दिसण्याची शक्यता जास्त असते.

गोदाकाठ

ताई, शाळेचा तो शेरा फाईलमधून काढून घ्यायला लावा, लेखी मागणी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश आहे. महाराष्ट्राने तर १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या आहेत, जास्त वेळ, लेखनिक वगैरे. मुंबईत शीव, केईएम, नायर या पालिका रुग्णालयांत तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय आहे, रांग मोठी असते म्हणून नाव लवकर घाला. सीव्हीआय असताना तो अध्ययन अक्षमतेच्या गटात बसेल की दृष्टीच्या, हे तुमच्या बालनेत्रतज्ज्ञांकडून लेखी घेऊन जा, नाहीतर या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे होतात.

आणि चाचणी मराठीतूनच करून घ्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी बनवला आहे. घरी मराठी, शाळा इंग्रजी आणि तपासणी फक्त इंग्रजीत, असं झालं तर भाषा कमी पडते की वाचन, हे कळतच नाही.

कुसुंबी

थोडं अवांतर, चालेल ना? मी फोंड्याची. बाबांना (वय ७१) मागच्या वर्षी पक्षाघात झाला. हात-पाय सावरले, बोलतात छान, पण पेपर वाचेनात. शब्दाचा पहिला भाग वाचून पुढचं अंदाजाने म्हणतात. 'महानगर'चं 'महाराज'. नवा चष्मा करून झाला, उपयोग नाही. ते आता पेपर हातात घेणंच टाळतात.

प्रकाशरेषा

अवांतर मुळीच नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला मागे इजा झाली असेल तर दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू जाते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे नजर ज्या दिशेला उडी मारणार तीच बाजू काळोखात. दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या. तोवर ओळीच्या उजव्या टोकाला जाड लाल पट्टी किंवा त्यांचं स्वतःचं बोट ठेवायला सांगा, नजर तिथपर्यंत न्यायचीच असा सराव. काहींना पान आडवं फिरवून ओळी वरून खाली वाचणं सोपं जातं. आणि तपासणी होईपर्यंत त्यांना स्कूटर किंवा गाडी चालवू देऊ नका, उजवीकडून येणारं वाहन त्यांना दिसणार नाही.

लिहायला सांगून पाहिलंत का? १८९२ मध्ये पॅरिसला देजेरीन या मेंदूविकारतज्ज्ञांनी एका रुग्णाची नोंद केली. तो स्वतः नीट लिहायचा, आणि आपणच लिहिलेलं त्याला वाचता यायचं नाही. अशीही तऱ्हा असते आणि तिचे उपाय वेगळे.

कुसुंबी

आत्ताच लिहून घेतलं. लिहिलं सुंदर, आणि वाचलंही, फक्त प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द सुटला. पेरिमेट्रीसाठी उद्याच फोन करते. मनापासून आभार.

माणदेशी

ताई, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी काळी पट्टी तुम्ही वापरता असं कुठेतरी वाचलं. मापं सांगाल का? सोमवारी वर्गात करून घेतो. विकतची मागवली होती, पण पोरं 'कुत्रा'चं 'कत्रा' वाचायला लागली.

गोदाकाठ

सर, ती इंग्रजीच्या मापाची असणार. तिची खिडकी मराठीला अरुंद पडते, खालचे उकार आणि वरच्या मात्रा-रफार कापले जातात.

घरीच करा. काळा, चमक नसलेला जाड कार्डपेपर घ्या, पानाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं लांब. खिडकीचं माप ठरवायला पुस्तकातली अशी ओळ शोधा जिच्यात 'कुत्रा', 'मूर्ती', 'पृथ्वी' असे शब्द असतील. सगळ्यात वरच्या रफारापासून सगळ्यात खालच्या ऋकारापर्यंत मोजा आणि वर-खाली अगदी केसभर जास्त ठेवा. त्याहून मोठी केली तर शेजारच्या ओळीचे उकार आत डोकावतात. डावीकडची कड बंद ठेवा म्हणजे ओळीची सुरुवात सापडते. पहिलीच्या पुस्तकाला आणि चौथीच्या पुस्तकाला वेगळी पट्टी लागेल, अक्षरांचा आकार बदलतो. पट्टी खाली सरकवणं मुलाच्याच हातात द्या, आणि पहिल्या आठवड्यात सहा-सात ओळींच्या वर वाचायला देऊ नका.

ज्यांना पट्टीने काहीच फरक पडत नाही अशी मुलं वेगळी लिहून ठेवा. त्यांच्यासाठी आवाज-अक्षराच्या खेळांची यादी या धाग्यावर उद्या टाकते.